परवान्याचें पिस्तूल आणि घरचा प्रश्न

खालापूर तालुक्यांत, खोपोलीच्या अलीकडे, आमच्या एका स्नेह्यांनीं निवृत्तीनंतर टुमदार घर बांधलें. भोंवतीं आंब्याचीं कलमें, पाठीशीं सह्याद्रि. शेजार मात्र हांकेच्या पलीकडे. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं कोणी मागील दाराचा कोयंडा उचकटूं लागलें. चोर पळाला, पण घरची झोंप घेऊन गेला. सकाळीं स्नेही म्हणाले, "आतां खिशांत मावेल असें एक पिस्तूल पाहिजे. परवाना कसा काढतात, तेवढें पाहून सांगा." त्या शोधांत जें आढळलें, तें इतर गृहस्थांसही उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

हत्यारांच्या परवान्याविषयीं आपल्या मनांत एक जुनी अढी आहे, आणि ती अकारण नाहीं. लॉर्ड लिटनच्या अमदानींत १८७८ सालीं झालेल्या कायद्यानें हिंदी माणसास बंदुकीसाठीं परवाना सक्तीचा झाला. गोऱ्यांना त्यांतून सूट मिळाली. याच डोंगरांत १९४२ सालीं माथेरानचे भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडीत फिरला, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर भाई व हिराजी पाटील यांनीं देह ठेवला, तेव्हांही तोच कायदा चालू होता. स्वराज्यांत १९५९ सालीं नवा कायदा आला आणि दृष्टि पालटली. आतां भेद केला जातो तो माणसाच्या वर्णावरून नव्हे, शस्त्राच्या जातीवरून.

तो भेद तेराव्या कलमांत आहे. संरक्षणासाठीं वीस इंचांहून आंखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक, किंवा पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास, अन्य अडचण नसल्यास, परवाना द्यावा असें कायदा म्हणतो. पिस्तुलासाठीं मात्र सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याचें समाधान करावें लागतें. लांब बंदूक चारचौघांस दिसते. पिस्तूल सदऱ्याखालीं लपतें. कायद्याचा संशय आहे तो या लपण्यावर.

अर्जदाराचें वय एकवीस वर्षें पुरें हवें. कर्जत-खालापूरकरांचा अर्ज अलिबागेस जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. शेजारच्या पनवेलकरांचा नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे. मग पोलिसांची चौकशी होते. २०१६ च्या नियमांप्रमाणें शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षणही घ्यावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पांच वर्षें असून सामान्य माणसास दोनच शस्त्रें ठेवतां येतात. पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच सबबीवर परवाना नाकारतां येत नाहीं. नकार मिळाल्यास वर अपील आहे.

परवाना मिळाला म्हणून मिरवण्याची मुभा मिळत नाहीं. सार्वजनिक जागीं शस्त्र परजणें मना आहे. लग्नाच्या वरातींत बेपर्वाईनें बार काढून इतरांचा जीव धोक्यांत घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. न्यूयॉर्कमध्यें लपवून पिस्तूल बाळगण्यास खास कारण दाखवावें लागे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो नियम २०२२ सालीं रद्द केला, कारण शस्त्र बाळगणें हा तेथें घटनेनें दिलेला हक्क आहे. आपल्या घटनेंत तसा हक्क नाहीं. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्यालाही आहे, परंतु संकट टाळण्यास लागेल तेवढेंच बळ वापरण्याचा. पळत्या चोराच्या पाठीवर गोळी झाडण्याचा नव्हे.

हें सारें मीं स्नेह्यांस सांगितलें. वहिनी शेंगा सोलीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तें रात्रीं ठेवणार कोठें? उशाशीं म्हणाल, तर दिवाळींत नातवंडें यायचीं आहेत. कपाटांत कुलुपांत म्हणाल, तर चोर दाराशीं आल्यावर किल्ली शोधीत बसणार का?"

स्नेही कांहीं बोलले नाहींत. पुढील आठवड्यांत मागील दारास लोखंडी अडसर बसला आणि अंगणांत रात्रभर दिवा जळूं लागला. अर्ज अजून टेबलाच्या खणांत आहे. बाकी सर्व मजकूर सुवाच्य अक्षरांत भरलेला आहे. कारणाचा रकाना तेवढा कोरा आहे.