कठीण इंग्रजी शब्द आणि स्मरणाचा खुंट

कळमेश्वर तालुक्यातील बागाईतदार संत्र्याची बाग बी पेरून उभी करीत नाही. तो आधी जंभेरीचे रोप वाढवितो आणि त्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. खुंटाची मुळे मातीत रुजलेली असल्यामुळे नवा डोळाही तेथे जीव धरतो. कठीण इंग्रजी शब्द मुलांना शिकविण्याची रीत याहून फारशी निराळी नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजीचा आरंभ होतो. प्रारंभीचे शब्द वस्तू किंवा चित्र दाखवून शिकविता येतात. वरच्या इयत्तांत मात्र असे शब्द येतात की ज्यांचे चित्र काढता येत नाही. मग फळ्यावर यादी लिहिली जाते व मुले ती दहा वेळा उतरवितात. एका शनिवारी पाठ झालेली यादी पुढच्या शनिवारी बहुतेक विसरलेली असते. येथे केवळ शब्दांचेच नुकसान होत नाही. ‘इंग्रजी आपल्याला येणारच नाही’ हा समज मुलाच्या मनात याच सुमारास घर करतो आणि पुढे हायस्कुलातही त्याची पाठ सोडीत नाही.

यावर पहिला उपाय ध्वनिसाम्याचा. ‘कोक्स’ म्हणजे गोडीने वळविणे. हा शब्द ऐकताच मुलाने कोकरू आठवावे, आणि बुजलेल्या कोकराला चुचकारून कळपात आणणारा गुराखी डोळ्यांपुढे उभा करावा. ‘बॅरन’ म्हणजे नापीक. शेतकऱ्याच्या मुलाला बरड जमीन आधीच ठाऊक असते. अमेरिकेत ॲटकिन्सन व रॉ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली १२० रशियन शब्दांवर या पद्धतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. पद्धत वापरणाऱ्यांना शेकडा ७२ शब्दांचे अर्थ आठवले, इतरांना शेकडा ४६.

दुसरा उपाय धातूचा. ‘पोर्ट’ या लॅटिन धातूचा अर्थ वाहून नेणे. संत्री बागेतून बाजारात जातात ते ‘ट्रान्सपोर्ट’, परदेशी जातात ते ‘एक्सपोर्ट’, बाहेरून माल येतो ते ‘इम्पोर्ट’ आणि स्टेशनावर ओझे वाहणारा तो ‘पोर्टर’. एका खुंटावर चार शब्द धरतात. काही शब्द तर आपल्या घरचेच आहेत. ‘मंगूस’ हा मराठी मुंगूस होय. ‘ऑरेंज’ हा संस्कृत नारंग असून फारसी, अरबी व युरोपीय भाषांतून फिरून इंग्रजीत पोहोचला आहे. मात्र हे नाते खरे आणि बॅरन-बरड हे निव्वळ योगायोगाचे साम्य, हा भेद शिक्षकाने मुलांना स्पष्ट सांगावा.

तिसरी गोष्ट उजळणीची. विस्मरण आरंभी झपाट्याने होते व पुढे मंदावते, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांनी दाखविले. म्हणून शब्द त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने विचारावा. वही मिटवून आठवण्यास लावावे. नुसते वाचून घेऊ नये. दिवसाला पाच शब्द पुरेत.

कलम बांधल्यावर खुंटाला खालून फुटवे येतात. बागाईतदार ते वेळीच काढतो, नाही तर जंभेरीच माजते व संत्रा खुरटतो. स्मरणसाधनाचेही तसेच आहे. ‘कोक्स’चा अर्थ मुलाने ‘कोकरू’ असा लिहिला, तर फुटवा माजला असे समजावे. यासाठी प्रत्येक शब्द मुलाने दोन-तीन वाक्यांत वापरावा. वाक्यात शब्द सहज येऊ लागला की कोकरू आपोआप बाजूस होते. शब्दाचे स्पेलिंगही हात बसेपर्यंत वेगळे लिहून घ्यावे, कारण ध्वनिसाम्य अर्थ आठवून देते, अक्षरे नव्हे.

शेवटी एक पथ्य. खुंट शक्यतो मुलानेच शोधावा. शिक्षकाने दिलेली आठवण शिक्षकाची राहते. मुलाने आपल्या शेतातून, घरातून, बोलीतून शोधलेली आठवण त्याची स्वतःची होते. ज्याच्या घरी इंग्रजीचे एक अक्षरही कोणी उच्चारीत नाही, त्या मुलापाशीही मराठीचा जाडजूड खुंट असतोच. शिक्षकाचे काम त्यावर डोळा नीट बांधण्याचे आहे.