चावी देवघरात

आमच्या घरात माझ्या स्कूटीची चावी तब्बल चार महिने देवघरात होती. बाळकृष्णाच्या मागे, कुंकवाच्या करंड्याशेजारी. ठेवली होती सासूबाईंनी. आणि गंमत म्हणजे गाडीवरून पडले ती मी नव्हतेच!

झालं असं, 2016 च्या श्रावणात आमच्या मोठ्या जाऊबाई मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून मंगळागौरीला निघाल्या. काठाची साडी, अंबाड्यावर गजरा, दोन्ही पाय एका बाजूला आणि मांडीवर ओटीच्या सामानाची पिशवी. वेग म्हणाल तर सायकलपेक्षा थोडा जास्त. पांढरे पट्टे पुसून गेलेल्या एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि ताई मागच्या मागे रस्त्यावर. मुलाला कळलंसुद्धा नाही, दहा-पंधरा पावलं तो पुढे निघून गेला. बांगडी फुटली नाही, साडी फाटली नाही. मार बसला तो डोक्याच्या मागच्या बाजूला.

तीन आठवडे दवाखाना झाला. ताई वाचल्या, घरी आल्या, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. महिन्याभराने लक्षात आलं, की त्यांना वासच येत नाही. फोडणीचा नाही, गजऱ्याचा नाही, गॅसचा नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार बसला की वासाच्या नाजूक नसा तुटतात, पुष्कळदा त्या परत जुळत नाहीत. ताईंच्या जुळल्या नाहीत.

सासूबाईंनी त्याच आठवड्यात माझी चावी काढून घेतली. "तुझ्याच भल्यासाठी सांगते," म्हणाल्या. मी कामशेतहून वडगावला पतसंस्थेत नोकरीला जायचे. आता लोकल. एक चुकली की फलाटावर ताटकळायचं आणि घरी आल्यावर "उशीर का?" चं उत्तर द्यायचं. मैत्रिणींनो, हे "तुझ्याच भल्यासाठी" आपण लहानपणापासून ऐकतो, नाही का? नदीवर जाऊ नको, दिवेलागणीच्या आत घरी ये, एकटी जाऊ नको. त्यामुळे सरकारने एखादा नियम काढला की बाईच्या मनात पहिल्यांदा तीच अढी येते.

हेल्मेटच्या बाबतीत माझंही तसंच होतं. पुण्यात 2019 च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती केली तेव्हा केवढा विरोध झाला! विरोधासाठी कृती समितीच होती. "माझं डोकं, माझी मर्जी" हे ऐकायला मलाही आवडायचं. केस चिकट होतात, मान अवघडते, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि उतरल्यावर ते धोंड्यासारखं ओझं ठेवायचं कुठे? पण ताईंकडे बघितलं की "माझं डोकं" पुढे सरकत नाही. आज त्या स्वयंपाकघरात एकट्या असल्या की कुणीतरी आसपास लागतं. दूध लागलं, डाळ करपली, सिलिंडरची नळी सुटली, तरी त्यांना समजणार नाही. डोकं त्यांचं होतं, पण राखण आता सगळं घर करतं.

खरं तर कायदा काही नवा नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातच चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सांगितलेलं आहे. 2019 च्या दुरुस्तीत चार वर्षांवरची मुलंही त्यात आली. मागे बसणाऱ्यावरही कारवाई करा, असा आदेश आपल्या राज्याच्या वाहतूक पोलिसांनी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये काढला, तेव्हा लोकांना ते आकाशातून पडल्यासारखं वाटलं इतकंच. मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं झाकणारी जाळी हवी, हेही नियमात आहे. ती जाळी साडीसाठी, ओढणीसाठी. म्हणजे कुणीतरी आपला विचार केला होता! आपली पोरं मात्र गाडी 'स्टायलिश' दिसावी म्हणून तीच आधी काढून टाकतात. (आमच्याही पुतण्याने काढली होती.)

मी सासूबाईंशी सौदा केला. आयएसआयचं हेल्मेट आणलं, अंबाडा सोडून खाली वेणी घालायला लागले, हनुवटीचा पट्टा त्यांच्यासमोर लावून दाखवला. "आता चावी द्या." पंधरा दिवस त्या ढिम्म. मग एकदा लोकल रखडली, मी रात्री साडेनऊला चिखल तुडवत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी चावी चहाच्या कपाशेजारी होती. हेल्मेटचा नियम मला "जा, पण हे घालून जा" असं सांगतो. देवघरातली चावी "जाऊच नको" म्हणते. दोन्हींना सुरक्षितता हेच नाव आहे, म्हणून तर गोंधळ होतो.

आणि आपल्या मावळात तर दर पावसाळ्यात हा गोंधळ. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एक बाई आणि चार मुलं. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला. खोल पाण्यात उतरायचं नाही, धबधब्याखाली बसायचं नाही, धोक्याच्या जागी सेल्फी नाही, आणि संध्याकाळी सहानंतर धरणावर थांबायचं नाही. ओळखीच्या एक मावशी तिकडे कणसं भाजतात. त्या तेव्हा चिडल्या होत्या. "बंदी पाहुण्यांना आणि उपास आम्हाला." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "वर डोंगरात पाऊस झाला की पाण्याचा आवाज बदलतो गं. आम्हाला कळतं. मुंबईच्या माणसाला कुठनं कळणार?"

कुंडमळ्याचं दुःख वेगळं. माझं माहेर इंदोरी. इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल तीसएक वर्षांपूर्वीचा, पलीकडे शेती असलेल्यांच्या येण्याजाण्यासाठी केलेला. आई त्यावरून डोक्यावर भारा घेऊन आलेली मला आठवते. पुढे पूल धोकादायक ठरला, तसा फलक लागला. पण फलक लावून शेत थोडंच अलीकडे येतं? तळेगावकडून नाहीतर देहूकडून वळसा घालायचा, तो रोज कोण घालणार? गावकरी जातच राहिले. मग रविवारचे पर्यटक आले, त्यांच्या मोटारसायकली पुलावर चढल्या. 15 जून 2025 च्या दुपारी पूल कोसळला. चार जण गेले, पन्नासाहून जास्त जखमी झाले. लोकांनी फलक वाचला नाही, असं सगळे म्हणत होते. ते खरंच आहे. पण नुसत्या फलकाने गर्दी थांबत नसते. तिथे उभं राहून अडवणारा माणूस लागतो, आणि गावकऱ्यांना दुसरी वाट लागते. माझी आई शांतपणे म्हणाली, "मी तर रोज त्यावरूनच यायचे गं." मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता माझी लेक एकोणीस वर्षांची आहे. तळेगावच्या कॉलेजात जाते, माझीच जुनी स्कूटी घेऊन. यंदा तिने संध्याकाळचा क्लास लावलाय, सातला सुटतो. सासूबाई आधी म्हणाल्या "नको." मीही, खोटं कशाला बोलू, क्षणभर देवघराकडे बघितलं. लेकीने ते पाहिलं. "आई, हेल्मेट घालते, निघताना फोन करते, अंधारात आडरस्त्याने येत नाही. अजून काय करू सांग. फक्त जाऊ नको म्हणू नकोस."

काल सात वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला, "निघाले." सासूबाई ओट्यावर जपमाळ घेऊन बसल्या, मी उगाच फाटकापर्यंत दोनदा जाऊन आले. आठला गाडी आत लागली. हेल्मेट काढून तिने घामेजलेले केस झटकले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून जाऊबाईंनी हाक मारली,

"आली का गं ती? तिला म्हणावं आधी इकडे ये, आमटी लागली का ते वासाने सांग मला."