कतारगामहून गावी आल्यावर ताप आला? डॉक्टरांना आधी सुरतचं सांगा

नंदुरबार, धुळे, जळगावकडची बरीच मंडळी कामधंद्यासाठी सुरतला राहतात आणि दिवाळीला गावी येतात. कोणी नातलगांकडे चार दिवस कतारगामला जाऊन येतं. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा हा काळ डेंग्यू-मलेरियाचाही असतो. म्हणून थोडी माहिती असलेली बरी.

दोन डास, दोन वेळा

डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो. सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. मलेरियाचा ॲनाफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. शहरात हे दोन्ही डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. त्यामुळे नुसती गटार साफ करून भागत नाही. गच्चीवरची उघडी टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, जुने टायर, बांधकामावरचं पाणी, सगळं बघावं लागतं. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी घासून कोरडी करा.

रात्रपाळीवाल्यांनी जपा

कतारगाममध्ये हिऱ्याचे कारखाने आहेत, लूम आहेत. रात्रपाळी करून जो दिवसा खोलीवर झोपतो, त्याला डेंग्यूचा डास झोपेतच गाठतो. त्यामुळे मच्छरदाणी दिवसाही लावा. पाहुण्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावावं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम नको, मच्छरदाणीच बरी.

ताप उशिरा येतो

डास चावल्यावर डेंग्यूचा ताप ४ ते १० दिवसांनी येतो. मलेरियाचा बहुधा ७ ते ३० दिवसांत येतो; व्हायव्हॅक्स मलेरिया तर काही महिन्यांनीही डोकं वर काढतो. म्हणजे डास चावला कतारगामला आणि ताप आला नवापूर किंवा शहाद्याला! अशा वेळी ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. सुरतहून कधी आलात ते डॉक्टरांना सांगा, रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध मोफत मिळतं.

तपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती यांपैकी काहीही दिसलं, तर ताप उतरला असला तरी लगेच दवाखाना गाठा. व्हायव्हॅक्ससाठी डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील, तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. जंतू यकृतात दडून राहतात आणि मलेरिया पुन्हा उलटतो.