स्वप्नातलं विमान आणि शेडमधलं विमान

मे १९५५ च्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी मासिकानं वाचकांना सांगितलं, की आठशे डॉलरच्या आत विमान बांधता येतं, तेही घरी. लेखक होते पॉल पोबरेझ्नी आणि विमान होतं ‘बेबी एस’: एकाच माणसाचं, उघड्या कॉकपिटचं, पंख डोक्यावर असलेलं. जानेवारी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पोबरेझ्नींनी हौशी विमानबांधणाऱ्यांची ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू केली होती. ऑशकॉशला दरवर्षी भरणारा विमानांचा प्रचंड मेळावा याच संस्थेचा.

अमेरिकी नियमानं या लोकांना एक मोठी वाट मोकळी करून दिली. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलं असेल, तर ते ‘एक्स्परिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. कारखान्यातल्या विमानाला लागणारं खर्चिक प्रमाणीकरण त्याला लागत नाही. पैशांऐवजी संध्याकाळी आणि सुट्टीचे दिवस मोजावे लागतात.

या सत्तर वर्षांत हजारो घरबांधणीची विमानं उडाली आणि कितीतरी अर्धवट सांगाडे शेडमध्ये धूळ खात राहिले. या दोन्हींकडे पाहून माझं मत पक्कं झालं आहे: किमतीकडे आणि वेगाकडे बघून निवडलेलं विमान बहुधा शेडमध्ये राहतं. आपण प्रत्यक्षात कुठून, कुणाला घेऊन आणि किती लांब उडणार, हे आधी ठरवून निवडलेलं विमान उडतं. बेबी एस नेमक्या गरजेचं होतं. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी गवताळ धावपट्टीवरून एकट्यानं गावाला घिरट्या घालायच्या, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित होतं, आणि तेवढं ते चोख करायचं.

स्वस्ताईच्या भुलीची सर्वांत मोठी कहाणी १९७० च्या दशकातली. जिम बीडी यांचं ‘बीडी-५’ दिसायला एखाद्या छोट्या लढाऊ विमानासारखं होतं. एक आसन, मागे ढकलणारा प्रोपेलर, आखूड पंख आणि किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास. १९७१ मध्ये नमुना उडाला आणि लोकांनी रांगा लावल्या. पाच हजारांहून अधिक किट विकली गेली. मात्र त्या चिमुकल्या सांगाड्यात बसेल असं हलकं आणि भरवशाचं इंजिनच हाताशी नव्हतं. ज्या जर्मन कंपनीचं इंजिन ठरलं होतं, ती १९७४ मध्ये बुडाली. ग्राहकांकडे पत्र्याचे भाग पोचले, इंजिन पोचलं नाही. पुढे बीडींची कंपनीही दिवाळखोरीत गेली. विकलेल्या किटपैकी फारच थोडी पूर्ण झाली, आणि त्यांतल्या काहींना पहिल्याच उड्डाणात अपघात झाला. वेगवान, तीक्ष्ण विमान आणि वर्षानुवर्षं बांधकामात गुंतल्यामुळे उडण्याचा सराव सुटलेला मालक, ही जोडी घातकच ठरणार होती. बीडी-५ चं चित्र ज्यांनी गॅरेजच्या भिंतीला लावलं, त्यांच्याबद्दल मला आजही हळहळ वाटते. इंजिन मिळेल का आणि हे विमान पूर्ण करून उडवणारे किती जण भेटतील, हे दोन प्रश्न तेव्हा विचारले गेले असते, तर कितीतरी कुटुंबांची बचत वाचली असती.

बर्ट रुटान यांनी त्याच दशकात वेगळा रस्ता काढला. १९७५ चं ‘व्हॅरीईझी’ आणि त्यानंतरचं ‘लाँग-ईझी’ ही विमानं फोमचा गाभा कापून त्यावर काचतंतू आणि रेझिनचे थर चढवून बनायची. त्यांना साचे लागत नसत. कमी इंधनात दोघांना शेकडो किलोमीटर नेणारी ही विमानं होती. मात्र त्यांना लांब, गुळगुळीत धावपट्टी लागते. शेतातल्या पट्टीवरून उडणाऱ्यानं ती निवडू नयेत, ती कितीही देखणी असली तरी.

१९८६ मध्ये सेस्नानं लहान पिस्टन विमानांचं उत्पादन थांबवलं. खटल्यांची भीती आणि विम्याचे वाढलेले खर्च ही त्यामागची कारणं. नवं लहान विमान हवं असेल तर ते स्वतः बांधणं हा अनेकांसाठी समंजस पर्याय ठरू लागला. या काळात सर्वांत जास्त माणसांना हवेत नेलं ते ओरेगनमधल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी.

त्यांचं एका आसनाचं ‘आरव्ही-३’ १९७१ मध्ये उडालं. आखूड गवताळ पट्टीवर हळू उतरायचं आणि वर गेल्यावर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पळायचं, ही दोन्ही कामं ते करत होतं. मला त्यांच्या पुढच्या क्रमांकांचा क्रम फार बोलका वाटतो. ‘आरव्ही-४’ मध्ये मागे दुसरं आसन आलं. ‘आरव्ही-६’ मध्ये जोडीदार शेजारी बसू लागला, आणि ते अतिशय लोकप्रिय झालं. ‘आरव्ही-९’ कसरतींसाठी नाही, पण ते शांत आहे आणि लहान इंजिनावर भागवतं. ‘आरव्ही-१०’ चौघांचं. म्हणजे माणसांच्या गरजा जशा स्पष्ट होत गेल्या, तशी विमानं आली. शिवाय भागांवरची भोकं कारखान्यातच संगणकाच्या नेमकेपणानं पाडून येऊ लागली. भाग एकमेकांवर ठेवले की रांगेत बसतात, त्यामुळे मोठाल्या चौकटी उभारण्याचं काम गेलं. तरी साध्या किटला दीड-दोन हजार तासांची मेहनत धरावीच लागते. लायकमिंग कंपनीचं नवं इंजिन सांगाड्याच्या किटइतकं किंवा त्याहूनही महाग पडतं. प्रोपेलर, उपकरणं, रंग आणि विमा वेगळेच. जाहिरातीत दिसणारी किंमत ही खर्चाची सुरुवात असते.

ज्यांना वेगाची गरजच नव्हती, त्यांच्यासाठी १९८४ चं ‘किटफॉक्स’ आलं. पंख घडी करून ते ट्रेलरवर घरी नेता येतं, त्यामुळे हँगरचं भाडं वाचतं. ख्रिस हाइन्झ यांचं ‘झेनिथ सीएच ७०१’ अगदी आखूड जागेतून उठतं. स्वस्तात भरपूर उडायचं असेल तर माझी पसंती या जातीला. अर्थात सुटसुटीतपणा म्हणजे निर्धोकपणा नव्हे. हाइन्झ यांच्याच ‘झोडियॅक सीएच ६०१ एक्सएल’ चे पंख हवेत मोडण्याचे अपघात झाले. २००९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं ती विमानं जमिनीवर ठेवायची मागणी केली, आणि पुढे रचना बळकट करणारे बदल आले. निवडलेल्या विमानाच्या अपघातांचे अहवाल वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

महाराष्ट्रात किट न घेता अशी धडपड करणारे वैमानिक म्हणजे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये नोंदणी मिळाली आणि उडण्याची परवानगी २०१९ मध्ये. त्यांची चिकाटी थोर आहे. पण नियमांची तयार चौकट नसलेल्या ठिकाणी रिव्हेट ठोकण्याइतकीच वर्षं कागदांत जातात, हेही त्या तारखा सांगतात.

कमी खर्चाचा आणखी एक मार्ग म्हणजे दुसऱ्यानं बांधलेलं विमान घेणं. त्यातही डोळस राहावं लागतं. गायक जॉन डेन्व्हर यांनी असंच एक लाँग-ईझी घेतलं होतं. मूळ आराखड्यापासून फारकत घेऊन बांधणाऱ्यानं इंधनाची टाकी बदलायची कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती कळ गाठताना विमानावरचा ताबा सुटला आणि डेन्व्हर विमानासह समुद्रात कोसळले. घरबांधणीची दोन विमानं एकाच नावाची असली तरी कधीच एकसारखी नसतात. त्यामुळे व्यवहाराआधी ते मॉडेल ओळखणाऱ्या मेकॅनिककडून तपासणी आणि त्या मॉडेलचं प्रशिक्षण, हे खर्चातच धरायला हवं.

डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅनग्रन्सव्हेन यांच्याच कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. लेझरनं कापलेल्या भागांच्या भोकांपाशी तडे दिसले होते, आणि आगाऊ रक्कम भरलेल्या अनेकांना वाढीव दर स्वीकारावे लागले. २०२४ मध्ये कंपनी सावरली. इतक्या भरवशाच्या ठिकाणीही हे घडलं, म्हणून सगळं किट एकदम मागवू नये. आधी फक्त शेपटीचा भाग घ्यावा. तो काही महिन्यांत पूर्ण होतो. ते काम आवडलं आणि घरातल्यांना पत्र्याचा आवाज सोसला, तर पंखांची मागणी नोंदवावी. इंजिन सर्वांत शेवटी घ्यावं, म्हणजे त्याची वॉरंटी शेडमध्ये संपत नाही.