पोपटाचा पिंजरा

भोजनगृहाला नाव देताना लोक बहुधा मालकाचे, गावाचे किंवा एखाद्या संताचे नाव घेतात. अमेरिकेतील शिकागो शहरात मात्र एका भोजनगृहाचे नाव होते ‘पोपटाचा पिंजरा’. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ते साउथ शोर नावाच्या वस्तीत, मिशिगन सरोवराच्या अगदी काठाशी चालत असे. तेथे रांधणारे आणि वाढणारे हात वॉशबर्न पाकशाळेतील विद्यार्थ्यांचे होते. खिडकीतून सरोवराचे पाणी दिसे, आणि शेजारची कुटुंबे तेथे सुखाने जेवून जात.

यात विशेष ते काय, असे वाचक म्हणतील. विशेष आहे ते जागेचे.

ज्या वास्तूत ही पाने मांडली जात, ती एकेकाळी साउथ शोर कंट्री क्लबची होती. कंट्री क्लब म्हणजे शहरातील धनिकांनी मोकळ्या हवेत खेळण्यासाठी, जेवणावळींसाठी व नाचगाण्यासाठी उभारलेली खाजगी संस्था. १९०५ साली लॉरेन्स हेवर्थ या गृहस्थांच्या मनात ही कल्पना आली, आणि १९०६ साली क्लब सुरू झाला. मार्शल आणि फॉक्स या वास्तुशिल्पकारांनी इमारत बांधली. दहा वर्षांत ती सभासदांस अपुरी वाटू लागली. तेव्हा १९०९ सालचे नृत्यदालन तेवढे राखून १९१६ साली त्याच शिल्पकारांकडून तिच्या जागी मोठा महालच उभा करविण्यात आला. गोल्फचे मैदान, घोड्यांचे तबेले, सभासदांपुरता राखलेला वाळूचा किनारा, कशाचीही उणीव नव्हती. ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना मात्र तेथे सभासदत्व नव्हते. ब्रिटिश अमलात आमच्याकडील छावण्यांतून ज्यांनी साहेबांच्या क्लबांची फाटके बाहेरून पाहिली, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

पुढे काळ पालटला. १९५० नंतर कृष्णवर्णीय कुटुंबे साउथ शोरमध्ये घरे घेऊ लागली आणि गोरी कुटुंबे एकामागून एक निघून गेली. क्लबच्या भोवतालची सारी वस्ती बदलली, पण क्लब बदलला नाही. सभासद घटत गेले. नव्या शेजाऱ्यांस आत घेतले असते तर क्लब कदाचित जगला असता. पण त्याने तो मार्ग पत्करला नाही आणि १९७४ साली तो बंद पडला. स्वतःच्या शेजाऱ्याबरोबर एका पंक्तीस बसण्यापेक्षा पंक्तीच मोडावी, हा हट्ट आम्हांला क्रोधापेक्षा कीव आणणारा वाटतो.

ती सुमारे ६५ एकर जागा शिकागोच्या उद्यान मंडळाने विकत घेतली. मंडळाचा बेत महाल पाडून टाकण्याचा होता. आता पाहा: या महालाच्या दारातून ज्यांना कधी आत पाऊल टाकू दिले नव्हते, तेच लोक तो वाचविण्यास पुढे आले. त्यांनी मंडळी जमविली, सभा घेतल्या, अर्ज केले. ‘अपमानाची खूण आहे, पडू द्या,’ असे त्यांना म्हणता आले असते, आणि तसे म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच होता. त्यांनी म्हटले की ही वास्तू आता आमची आहे. १९७५ साली तिची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली, पाडण्याचा बेत मागे पडला, आणि पुढे डागडुजी होऊन ती साउथ शोर सांस्कृतिक केंद्र म्हणून सर्वांसाठी खुली झाली. क्लब बंद पडला तेव्हा याच वस्तीतील मिशेल रॉबिन्सन ही मुलगी दहा वर्षांची होती. १९९२ च्या ऑक्टोबरात तिच्या विवाहाचा स्वागतसमारंभ त्याच महालात झाला. वर होते बराक ओबामा.

पाकशाळेचीही गोष्ट अशीच. वॉशबर्न ही मूळची धंदेशिक्षणाची शाळा. तेथील उमेदवारीच्या जागा बहुतांशी कामगार संघटनांच्या मुठीत असत, आणि कित्येक वर्षे कृष्णवर्णीय तरुणांना त्या जवळजवळ बंदच होत्या. १९६० नंतरच्या दशकात यावरून शहरात मोठी निदर्शने झाली. असे दोन बंद दरवाजे उघडले, तेव्हा कुठे त्या भोजनगृहाची चूल पेटली.

राहिले ते पोपट. मूळचे दक्षिण अमेरिकेचे हे हिरवे पक्षी पाळण्यासाठी आणले गेले, पिंजऱ्यातून निसटले, आणि १९७० नंतरच्या दशकात शिकागोच्या दक्षिण भागात काटक्यांची थोरली घरटी बांधून राहिले. तेथील हिवाळ्यात सरोवराचा काठ गोठतो, तरी ते टिकले. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांच्या घरासमोरच एक घरटे होते; ते त्यास शुभशकुन मानीत. त्यांच्या निधनानंतर १९८८ साली सरकारी शेतकी खात्याने हे परके पक्षी हलविण्याचे ठरविले. शेजाऱ्यांनी कोर्टात जाण्याची तयारी दाखविली, आणि खात्याने माघार घेतली. भोजनगृहाला नाव मिळाले ते या पक्ष्यांवरून.