घरातल्या हिंसेचा प्रश्न सॉफ्टवेअरने कसा विचारावा?

एका स्त्रीरोग क्लिनिकसाठी मी पेशंट नोंदणीचं सॉफ्टवेअर करत होतो. फॉर्ममध्ये 'घरी मारहाण होते का? हो/नाही' असा रकाना टाकला आणि सक्तीचा केला. महिन्याने डेटा उघडला, तर सगळीकडे 'नाही'.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) सांगते की भारतात लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. मग इथे शून्य कसं? जाऊन बसलो तेव्हा कळलं. प्रश्न काउंटरवर विचारला जायचा आणि शेजारी नवरा नाहीतर सासू उभी. शिवाय रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, म्हणून कित्येकदा न विचारताच 'नाही' टिक व्हायचं. बग माझाच होता.

मग हे बदललं:

१. तिसरा पर्याय: 'विचारलं नाही, सोबत कोणी होतं'. प्रोग्रामरच्या भाषेत, नल म्हणजे फॉल्स नव्हे!

२. जागा: प्रश्न काउंटरच्या स्क्रीनवरून काढला. आता तो वजन-बीपी घेताना, बाई एकटी असेल तेव्हाच नर्सला दिसतो.

३. शब्द: 'हिंसा' म्हटलं की बायका गप्प होतात. 'हिट्स' या चाचणीत चारच साधे प्रश्न आहेत: मारतो का, अपमान करतो का, धमकी देतो का, ओरडतो-शिव्या देतो का. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १० च्या वर गेली की लक्ष द्यायचं.

४. गुप्तता: उत्तर फक्त डॉक्टर आणि समुपदेशक यांना दिसतं. प्रिंट, एसएमएस, व्हॉट्सॲप कशातच ते जात नाही. नोंदवलेला मोबाइल बहुतेकदा नवऱ्याचा असतो. एक चुकीचा मेसेज त्या रात्री तिच्या जिवावर बेतू शकतो.

आणि 'हो' आलं तर? जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा सल्ला असा की सरसकट सगळ्यांना विचारत सुटू नका. खुणा दिसल्या तर विचारा, पण एकांत, प्रशिक्षित माणूस आणि पुढच्या मदतीची सोय हवीच. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने सुरू केलेलं 'दिलासा' केंद्र हेच काम करतं. १८१ ही महिला हेल्पलाइनही आहे.

नव्या फॉर्मच्या पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त आलं ते 'विचारलं नाही'. ते पाहून डॉक्टरांनी नियमच केला: प्रत्येक बाई दोन मिनिटं आत एकटी येणार. तुम्ही असं काही बनवत असाल, तर कोड लिहिण्याआधी एक दिवस वेटिंग रूममध्ये बसा.