मिठागरातला कामगार कोणत्या रकान्यात?

या लेखमालेतील शेतीचा रकाना गेल्या आठवड्यात पूर्ण झाल्यावर या हप्त्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे वळायचे होते. परंतु पेणच्या खारेपाटात मिठागरे असताना वडखळ परिसराच्या रोजगार-तक्त्यात त्यांना स्वतंत्र जागा का नाही, असा रास्त प्रश्न एका वाचकाने विचारला असून, त्याचे उत्तर दोन ओळींत उरकण्याजोगे नसल्यामुळे डोलवी एक आठवडा पुढे जात आहे.

खारेपाटातील भातजमीन खाडीच्या कडेने घातलेल्या बांधबंदिस्तीमुळे भरतीच्या पाण्यापासून सुरक्षित राहते. पावसाने वरच्या थरातील क्षार धुऊन निघाले की भाताचे एक पीक येते, आणि कापणीनंतर ऊन वाढताच क्षार पुन्हा वर चढत असल्याने दुसरे पीक सहसा निघत नाही. शेत ज्या महिन्यांत रिकामे असते, त्याच महिन्यांत मिठागर चालते. उधाणाच्या भरतीचे पाणी उघडीतून, म्हणजे बांधातील दारातून, आत घेऊन साठवले जाते. तेथून ते एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हावाऱ्याने आटवतात, आणि मूळ पाण्याची बोमे मापावर सुमारे ३ अंश असलेली घनता २५ अंशांच्या घरात पोहोचली की मीठ धरू लागते. शेवटच्या वाफ्याचा तळ हंगामापूर्वी पायांनी तुडवून घट्ट केलेला नसेल, तर मीठ ओढताना त्यात चिखल येतो आणि मालाचा भाव पडतो; त्यामुळे ही तुडवणी हलक्या मजुरीचे काम समजणे चुकीचे असून, मिठाची प्रत तेथेच ठरते.

आता मोजणीकडे पाहू. २००१ आणि २०११ च्या जनगणनांनी काम करणाऱ्यांचे शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार असे चार वर्ग केले, आणि वर्षातून सहा महिने वा अधिक काम करणाऱ्यास ‘मुख्य’, तर त्याहून कमी काम करणाऱ्यास ‘सीमांत’ कामगार मानले. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मीठ करणारी व्यक्ती दोन्ही कामे मिळून मुख्य कामगार ठरते खरी. परंतु तिची नोंद अधिक काळ केलेल्या एकाच कामाखाली होते आणि दुसरे काम तक्त्यातून नाहीसे होते. जेथे मीठ-उत्पादनाची वेगळी नोंद होते, तेथेही ते सहज सापडत नाही, कारण २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात मीठ काढण्याचा व्यवसाय ‘खाणकाम व उत्खनन’ या विभागात, ०८९३ या संकेतांकाखाली बसवला आहे. खाण नसलेल्या खाडीकाठच्या गावात खाणकामगार आढळले, तर अभ्यासकाने प्रथम मिठागराचा विचार करावा.

देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत तयार होते आणि तेथील विस्तीर्ण आगरांच्या भावाशी कोकणातील लहान आगरांना स्पर्धा करणे कठीण जाते. त्यात २००६ मध्ये खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली आणि साध्या मिठाची बाजारपेठ आणखी आकसली. मिठागर बंद पडले की त्याच्या बांधाची डागडुजी थांबते, उधाणाने बांधाला खांड पडते, खारे पाणी शेजारच्या भातशेतीत शिरते आणि काही वर्षांत तेथे कांदळवन वाढते. अशा वेळी शेती सोडणाऱ्या कुटुंबाची नोंद ‘शेतीतील घट’ अशी होते, वास्तविक त्या घटीचे मूळ मिठागरात असते. म्हणून या परिसरात उद्योगांची वाढ-घट व्यक्तीच्या एकेका नोंदीवरून ठरवणे अपुरे आहे. कुटुंबाचे बारा महिन्यांचे काम हाच मोजणीचा योग्य आधार होय, आणि डोलवीचा हिशेबही पुढील हप्त्यात याच पद्धतीने मांडला जाईल.

पेण किंवा रोहे तालुक्यातील ज्या वाचकांच्या घरी मिठागरांच्या जुन्या हजेरीवह्या किंवा मजुरीच्या नोंदी असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता त्यांच्या प्रती लेखमालेसाठी अवश्य पाठवाव्यात.